बोंबील आणि नववी ओळ

देवस्थळी सर कविता फार सुंदर शिकवायचे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल जे बोलणार आहे ते वाचून कुणाला वाटेल, हिला शिकवलेलं कळलंच नसेल. कळलं होतं. सगळ्या वर्गात मलाच जास्त कळलं होतं, आणि तिथंच माशी शिंकली.

मी बकुळा तांडेल. प्रभादेवीच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात आमचं घर. वाड्यातली मॅट्रिक झालेली मी पहिली मुलगी, पण म्हणून काही कॉलेजानं मला पालखी पाठवली नव्हती. छप्पन सालच्या जानेवारीत माझा भाऊ जगन लालबागच्या गोळीबारात मेला, तेव्हा कुठं माझं मॅट्रिक लोकांच्या डोळ्यांत भरलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून बोलणारे प्राध्यापक रमाकांत देवस्थळी समाचाराला घरी आले. त्यांनी माझी विचारपूस केली, हुतात्म्याच्या बहिणीचं शिक्षण थांबता कामा नये असं चार माणसांदेखत म्हणाले, आणि बोलल्याप्रमाणे केलं. जूनमध्ये मी ट्रामनं गिरगावात जाऊन त्यांच्याच वर्गात बसू लागले. माझ्या बाकावर आधी बसलेल्या दोन मुली उठून मागं गेल्या. माशांचा वास म्हणे. मी सकाळी साबणानं घासघासून अंघोळ करत असे, पण वास त्यांच्या डोक्यात होता, तिथं माझा साबण पोचणार नव्हता.

दादूस मोर्चात नव्हता. मोठ्या भावाला आमच्यात दादूस म्हणतात. संयुक्त महाराष्ट्र त्याला नको होता असं नाही. मुंबई कोळ्यांची, ती आणखी कुणाला वाटून देणारे हे कोण, एवढंच त्याचं राजकारण. पण त्या दिवशी तो जाळ्याचं सूत आणायला लालबागला गेला होता. शहर बंद आहे हे आम्हाला ठाऊक होतं. बंद शहराला असतो, समुद्राला नसतो. बरोबर महादेव होता, त्याच्याच होडीवरचा सोबती, माहीमचा. सूतवाल्यानं मागच्या दारानं माल दिला. दोघं गल्लीच्या तोंडाशी आले आणि गोळी आली. ती कुणावर झाडली होती ते झाडणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. महादेवनं दादूसला मांडीवर घेतलं, तेव्हा दादूस म्हणाला, "सूत उचल, भिजंल." रस्ता कोरडा होता. सूत भिजत होतं ते त्याच्याच रक्तानं. त्यानंतर तो काही बोलला नाही.

हे आम्हाला महादेवनं सांगितलं. बाकी मुंबईला देवस्थळी सरांनी सांगितलं ते असं, की हुतात्मा जगन तांडेल यानं शेवटच्या श्वासाबरोबर मूठ वर केली आणि म्हणाला, मुंबई घेतल्याशिवाय थांबू नका. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सरांना कुणीतरी चुकीचं सांगितलं असेल. सभा संपल्यावर मी भाबडेपणानं त्यांच्या कानावर घातलं. सर चालता चालता थांबले आणि फार मऊ आवाजात म्हणाले, "मिस तांडेल, शब्द ते नसतील. भाव तोच होता."  कॉलेजात नाव घालून देणाऱ्या माणसाला आणखी काय बोलणार?

आता दहाव्या दिवसाचं सांगते, कारण सगळं तिथून आहे.

किनाऱ्यावर पिंड ठेवला होता. पुरुष पुढं, बायका मागं. कावळा शिवेना. कावळ्यांची वाण मुळीच नव्हती. पलीकडं वलांड्यांवर बोंबील वाळत होते आणि त्या काठ्यांवर कावळ्यांची पंगतच बसली होती. समोर मासळी लोंबत असताना भाताच्या गोळ्याकडं कोण बघतो? माणूससुद्धा बघणार नाही. पण असं काही त्या वेळी बोलायचं नसतं. मेलेल्याची इच्छा कशात तरी अडकली आहे असं सगळ्यांनी धरलं आणि एकेक जण पुढं होऊन शब्द देऊ लागला. चुलता म्हणाला, जगन, तुझी होडी विकणार नाही. कावळा जागचा हलला नाही. महादेव म्हणाला, सूत घरी आणून ठेवलंय. कावळा नाही. चळवळीच्या समितीचे एक गृहस्थ धोतराचा सोगा सावरत वाळूत पुढं आले, आणि मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मिळवूच असं त्यांनी त्या कावळ्यांना ठणकावून सांगितलं. दुसरी वेळ असती तर मी हसले असते. ऊन डोक्यावर यायला लागलं, आणि माझ्या आईच्या, म्हणजे बयच्या, तोंडाला कोरड पडली होती.

तेवढ्यात दादूसची बायको, पुतळावयनी, मागून पुढं आली. कुणाला विचारलं नाही, कुणाकडं बघितलं नाही. पदराखालून तिनं भाजलेला बोंबील काढला आणि पिंडाला टेकवून ठेवला. दादूसला सकाळी समुद्रावरून आल्यावर भाकरीबरोबर भाजलेला बोंबील लागायचा, तो नसला तर ताटावरून उठायचा. वयनी वाकलेली असतानाच बय हंबरडा फोडून म्हणाली, "जगन, तुझी बायको तुझीच राहंल रं. दुसऱ्याचा हात धरनार नाय."

वयनी मागं सरली आणि कावळा आला. बोंबील उचलताना त्याचा पाय पिंडाला लागला. शिवला, शिवला म्हणत सगळे हात जोडू लागले, चुलता रडू लागला, समितीच्या गृहस्थांनी चष्मा पुसला. बोंबील घेऊन कावळा वलांडीवर जाऊन बसला होता. तिकडं फक्त मी बघत होते, असं मला तेव्हा वाटलं. आमच्या लोकांना समुद्राचा तळ कळतो, वारा कळतो, पापलेटाचा डोळा बघून ते कधी धरलं ते कळतं. पण कावळा भाजलेल्या बोंबलावर आला की बयच्या शब्दावर, हे एवढं ढळढळीत दिसत असताना कुणाला कळलं नाही. वयनीला त्या दिवशी बांधली ती अशी. विशीतली बाई, पोर ना बाळ.

पुढं जवळजवळ दोन वर्षं तिची वरात निघाली. सकाळी दादरच्या मच्छीबाजारात पाटी घेऊन बसायची आणि संध्याकाळी परळ, लालबाग, नायगाव, जिथं सभा असेल तिथं तिला खुर्चीवर बसवायचे. समितीनं तिला पांढरं पातळ आणून दिलं. तिनं जन्मात पांढरं नेसलं नव्हतं. हिरवं नाहीतर जांभळं लुगडं, केसांत अबोली, अशी ती बाई. व्यासपीठावर मधली खुर्ची तिची, शेजारची बयची. सत्तावन्नच्या निवडणुकीत तर दिवसाला दोन-दोन सभा असत. सर बोलता बोलता हात तिच्याकडं करायचे आणि म्हणायचे, ही वीरपत्नी पाहा. लोक बघायचे. वयनी पायाच्या अंगठ्याकडं बघायची. एकदा घरी येताना मला म्हणाली, "बकुळे, तो वीर कवा झाला गं? मना तर तो घोरायचा म्हनून झोप नाय यायची."

आम्ही दोघी रस्त्यात उभ्या राहून हसलो. हसता हसता तिचा चेहरा कधी पालटला ते मला कळलं नाही, पण मग ती माझ्या खांद्याला धरून पुष्कळ रडली. दादूससाठी ती सभेत कधी रडली नाही. सरांना याचं वाईट वाटायचं. मराठी स्त्रीचं धैर्य असं म्हणून त्यांनी तेही खपवून टाकलं.

बयचं मात्र निराळं झालं. तिला सभा मानवल्या. माझा बाप मी लहान असतानाच वारला, तेव्हापासून ही बाई राबत आली, तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. आता मोठमोठी माणसं उठून तिला वीरमाता म्हणत आणि हार घालत. घरी आली की हार दादूसच्या फोटोला घालायची आणि त्याच्याशी बोलत बसायची. आज कुठं गेलो, किती माणसं होती, तुझं नाव कसं घेतलं. वयनी चुलीपाशी बसून हूं हूं करायची, मधेच एखादी गोष्ट काढायची. त्याला पोहायला कुणी शिकवलं, त्याचं कपाळ कशानं फुटलं. रोज त्याच त्याच गोष्टी. मी पुस्तकात डोकं घालून मनात म्हणायचे, संपवा एकदाचं. इंटर झाली की पुण्याला होस्टेलात राहून बी. ए. करायचं असं मी ठरवून टाकलं होतं. मला त्या घरातून सुटायचं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

सत्तावन्नच्या पावसाळ्यानंतर महादेवनं वयनीसाठी विचारणा केली. त्याची बायको बाळंतपणात गेली होती. माणूस सरळ, कमी बोलणारा. वयनीला तो आवडत होता. तिनंच मला तसं सांगितलं, मासे साफ करता करता, मान वर न करता. आमच्यात पाट लागतो. नवरा मेला म्हणून बाईनं उरलेला जन्म भिंतीकडं तोंड करून काढावा, ही अक्कल आमच्या जमातीत कधी नव्हती, ती शिकलेल्या घरांतली. जमातीच्या पाटलानं होकार दिला. चुलता हो म्हणाला. बय म्हणाली, "मी कावल्याला शब्द दिलाय." आणि दुसरं म्हणाली, "मास्तरला इचारा. त्याचे सभेचं काय?"

नेमकं त्याच आठवड्यात सरांनी वर्गात सॉनेट काढलं.

गेल्या शतकातल्या कुण्या इंग्रज बाईनं लिहिलेलं, चौदा ओळींचं. सर म्हणाले, हिचं नाव आता फारसं कुणी घेत नाही. त्यांनी ते आधी नुसतं वाचलं. त्यांचा आवाज असा होता, की मागच्या बाकावरच्या त्या दोघीही पुढं झुकल्या. गोष्ट एवढीच. नवरा मेलेला आहे आणि बाईला त्याचा आवाज ऐकू येतो. पहिल्या आठ ओळी तो तिला सांगतोय, पियानो बंद ठेव. पडदे ओढ. माझे हातमोजे आहेत तिथंच राहू देत. बागेत कुणी मोठ्यानं हसता कामा नये. आठ ओळी हुकूमच हुकूम. आणि ती बिचारी ते पाळतेय.

सर थांबले. "या आठ ओळींत बोलतंय कोण?"

सगळा वर्ग म्हणाला, नवरा. मी हात वर केला. "नवरा नाही, सर. ती."

सरांचा चेहरा उजळला. ते म्हणाले, "बघा, नवव्या ओळीची वाट न पाहता मिस तांडेल तिथं पोचल्या." मग त्यांनी समजावून सांगितलं. सॉनेट नवव्या ओळीला कूस बदलतं. इथं नवव्या ओळीत बाहेरचा वारा पडतो, आणि त्या शांततेत बाईला कळतं, की बोलतोय तो आवाज आपलाच आहे. सर फळ्यापाशी गेले, पण त्यांनी काही लिहिलं नाही. वळून म्हणाले, "मेलेल्या माणसाला तोंड नसतं. आपण त्याला आपलं तोंड देतो. आपल्याला जे हवं असतं, आपल्याला ज्याची भीती असते, ते त्याच्याकडून वदवून घेतो आणि मग त्याची आज्ञा म्हणून पाळतो. शोकातला हा सगळ्यात जुना लबाडीचा धंदा आहे, आणि या बाईनं तो नवव्या ओळीत उघडा पाडला."

माझ्या अंगावर काटा आला. कवितेमुळं नव्हे. मला वाळूतला तो पिंड दिसत होता, आणि सभेत सरांनी दादूसची म्हणून वर केलेली मूठ.

"आता शेवटच्या ओळी," सर म्हणाले. "कळल्यानंतर ती काय करते? पडदे उघडते?" उघडत नाही. ती उठते आणि हातमोज्यांवरची धूळ पुसून ते पुन्हा तिथंच ठेवते. सरांनी विचारलं, का? मी म्हटलं, "ढोंगी आहे म्हणून. खोटं आहे हे कळूनही सोडत नाही." सर हसले. "घाई करू नका. शेवटच्या दोन ओळी पुन्हा वाचा. तुम्ही तरुण आहात, तुम्हाला नवव्या ओळीचा राग येतो. कविता तिथं संपत नाही." तास संपला. मी त्या दोन ओळी ट्राममध्ये चारदा वाचल्या. आपण बोलायचं थांबलो तर या घरात आवाजच उरणार नाही, असं काहीसं त्यात होतं. मला ते रडगाणं वाटलं. परीक्षेच्या पेपरातही मी ढोंगी असंच लिहिलं, आणि मार्क चांगले मिळाले.

दोन दिवसांनी मी गिरगावात सरांच्या बिऱ्हाडी गेले. जाताना मला खात्री होती. ज्या माणसाला ती कविता इतकी कळते, त्याला माझी वयनी न कळायला काय झालं? सरांच्या बायकोनं चहा दिला, खोबऱ्याची वडी दिली. मी सगळं सांगितलं, महादेवचं, पाटाचं, बयच्या शब्दाचं. बोंबलाचंही सांगितलं. सर लक्ष देऊन ऐकत होते.

"मी स्वतः विधवाविवाहाचा पुरस्कर्ता आहे," ते म्हणाले. "यावर माझी तीन व्याख्यानं झाली आहेत."

"मग सर, तुम्ही बयला सांगा. तुमचा शब्द ती मोडणार नाही."

त्यांनी वडीचा तुकडा मोडला आणि बशीत तसाच ठेवला. "तुमच्या समाजात हे चालतं, मला माहीत आहे. पण पुतळाबाई आता एका समाजाच्या राहिलेल्या नाहीत, त्या अख्ख्या महाराष्ट्राच्या आहेत. जानेवारीत दुसरा स्मृतिदिन येतोय. दिल्लीचे लोक टपून बसलेत. उद्या एखाद्या वर्तमानपत्रानं छापलं, की हुतात्म्याच्या बायकोनं दोन वर्षांत दुसरं घर केलं, तर? मुंबई मिळू द्या. मग मी स्वतः उभा राहून त्यांचं लग्न लावून देईन."

"मुंबई कधी मिळणार, सर?"

"ते कोण सांगणार? पण तुमचा भाऊ, ज्यानं छातीवर गोळी घेतली, तो आज असता तर काय म्हणाला असता, याचा विचार करा. तो म्हणाला असता—"

"सर," मी म्हटलं, "मेलेल्या माणसाला तोंड नसतं."

 सरांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत लावला. रागावले नाहीत. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"ती कविता आहे, मिस तांडेल," ते म्हणाले.

मी वडी न खाता उठले. त्या दिवसापासून मी त्यांच्या तासाला बसत होते, टिपणं घेत होते, पण कान बंद करून. माणसाला एखादी गोष्ट इतकी कळावी आणि तिचा त्याला काडीचा उपयोग होऊ नये, याची मला अजून चीड येते. निरक्षर माणूस चुकला तर समजतं. हे चुकले नव्हते, यांना सगळं ठाऊक होतं.

स्मृतिदिनाची सभा दुपारी चारला होती, आमच्याच भागातल्या मैदानावर. जेवणं झाल्यावर बय हातात वयनीचं पांढरं पातळ घेऊन तिची वाट बघत बसली. वयनी बाजारातून यायची होती. महादेवनं आदल्या दिवशी निरोप पाठवला होता, की घरचे त्याला दुसरी मुलगी बघताहेत, त्याला आता उत्तर हवं. मला राहवलं नाही.

"बय, तिला जाऊ दे."

"शब्द दिलाय मी."

"कुणाला दिलास? कावळ्याला? दादूसला काय हवं होतं ते तुला ठावं हाय? तो असता तर म्हणाला असता, जा पुतळे, सुखानं रहा."

बयनं माझ्याकडं बघितलं. "तुला कवा बोलला तो?"

 सरांच्या तोंडावर मारलेलं वाक्य माझ्याच तोंडावर येऊन आदळलं होतं. मीही तेच करत होते. फक्त माझ्या दादूसकडून मी चांगलं बोलवून घेत होते, एवढाच फरक.

"कावला बोंबलावर आयला," बय म्हणाली. पातळाची घडी ती उगाच उलगडत होती, परत घालत होती. "मी काय आंधली हाय? सगला जनम कावले हाकलन्यात गेला माझा, मना नाय कलनार कावला कशाला येतो? तवाच ठावं होतं."

"मग?"

"मग काय? ही गेली की या घरात जगनचा नाव कोन घेल? तू? तू तर पुस्तकात तोंड घालून बसतेस, आनि उंद्या पुन्याला जाशील. मास्तर त्याचा नाव घेतो, पन तो कनच्या जगनचा नाव घेतो, मना नाय कलत. मी तसा पोरगा जनला नाय. माझे पोराला कोन ओलखतो? मी आनि ती. सांच्याला ती पाटी उतरते, आमी दोघी बसताव, बोलताव, आनि तो घरात असतो. ती गेली की मी भिंतीशी बोलू? म्हनून बांधली मी तिला. बांधली."

तिनं ते अगदी सरळ सांगितलं. रडली नाही.  सॉनेटच्या शेवटच्या दोन ओळी मला तेव्हा कळल्या. कळून काही उपयोग नव्हता, हेही कळलं.

दारात पाटी टेकल्याचा आवाज झाला. वयनी उभी होती, केव्हाची ते ठाऊक नाही.

"बय," ती म्हणाली, "बोंबील मी ठेवला होता."

"ठावं हाय."

"त्याला आवडायचा म्हनून ठेवला. दुसरा काय नवता माझे मनात."

"ठावं हाय गं."

"मग त्याच बोंबलानं मना बांधलीस?"

 वयनीनं पाय धुतले, तोंड धुतलं. आत जाऊन जांभळं लुगडं नेसून आली. बयच्या हातातलं पांढरं पातळ तिनं घेतलं, नीट घडी घातली आणि दादूसच्या फोटोखाली ठेवलं. मग बयच्या पाया पडली. बयनं पाय ओढून घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही.  किनाऱ्याकडून माहीमला जाणाऱ्या वाटेनं ती निघाली. वलांड्यांच्या आडून तिचं जांभळं लुगडं थोडा वेळ दिसत राहिलं.

सभेला आम्ही दोघीच गेलो. व्यासपीठावर तीन खुर्च्या होत्या. सरांनी मला बाजूला घेतलं. "पुतळाबाई कुठं आहेत?"

"माहीमला गेली. पाट लावायला."

क्षणभर सरांच्या चेहऱ्यावर, देवाशपथ सांगते, समाधान दिसलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि ध्वनिक्षेपकापाशी गेले. वीरपत्नी पुतळाबाई प्रकृती अस्वास्थ्यामुळं येऊ शकत नाहीत, असं त्यांनी जाहीर केलं. लोकांनी हळहळ व्यक्त केली. पुढच्या वर्षीच्या पत्रकात वीरपत्नी हा शब्दच नव्हता. तोही त्यांनी असाच सहज काढून टाकला असणार.

बय वर एकटी बसली होती. शेजारची मधली खुर्ची रिकामी. तिनं त्या खुर्चीवर हात ठेवला होता, गर्दीत कुणीतरी जागा अडवून धरतं तसा. समोर हजारो माणसं होती, आणि त्यांतलं एकही माझ्या भावाला ओळखत नव्हतं. बयनं मान वळवून मला शोधलं. हाक मारली नाही, नुसतं बघितलं. मला खालूनच घरी जाता आलं असतं. मी वर गेले आणि वयनीच्या खुर्चीवर बसले. पुण्याला मी पुढं गेले नाही.

सर बोलायला उभे राहिले. आवाज तोच, सॉनेट वाचतानाचा. "हुतात्मा जगन आज इथं असता, तर तो म्हणाला असता," असं त्यांनी सुरू केलं आणि मूठ वर केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आवाजात बय माझ्या कानाशी वाकली.

"बकुळे, त्याला बोंबील भाजलेला लागायचा ना गं?"

"हो, बय," मी म्हटलं. "भाकरीबरोबर."